पोलिओचा पाय ठीक आहे, आता चांगला पायच दमतोय – दुकान चालवून तब्येत कशी सांभाळता?

शिलाईवाला_सिडको:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय इथे, लांबलं तर सांभाळून घ्या. नाशिकच्या सिडकोत त्रिमूर्ती चौकाजवळ एका गल्लीत माझं टेलरिंगचं दुकान आहे, ब्लाऊज, ड्रेस, अल्टरेशन, फॉल-पिको सगळं करतो. वय 44. दोन वर्षांचा असताना उजव्या पायाला पोलिओ झाला, तेव्हापासून कॅलिपर (पायाला आधार देणारा सांगाडा) आणि डाव्या हातात एल्बोवाली कुबडी. त्याचं काही नाही, सवय आहे, स्कूटरला साइड व्हील लावलेत, सगळीकडे जातो येतो. डाव्या पायाने पायडल दाबायचं आणि काम उपसायचं, असंच चाललंय आजवर.

प्रॉब्लेम असा की वर्ष-दीड वर्षापासून तो डावा पाय, म्हणजे माझा चांगला पाय, तोच दमायला लागलाय. संध्याकाळी सहा-सात वाजले की मांडीत जीव नसल्यासारखं होतं, शटर ओढताना तोल जातो. डाव्या खांद्यात कळ येते. थंडीचं तर विचारूच नका, नाशिकची थंडी माहितीच आहे तुम्हाला, जानेवारीत पोलिओचा पाय गारठून निळसर पडतो आणि दुपारपर्यंत गरमच होत नाही. वजन वाढलंय. शुगरची ती तीन महिन्यांची टेस्ट केली तर 6.1 आली, डॉक्टर म्हणाले बॉर्डरवर आहे, रोज 45 मिनिटं भरभर चाला. मी पँट वर करून कॅलिपर दाखवला. तर म्हणाले बरं मग हळू चाला.

दुकान सकाळी साडेनऊ ते रात्री नऊ. मदतीला एक मावशी येतात, हेमिंग, हुक, काज-बटण त्या बघतात, कटिंग आणि शिलाई माझ्यावरच. पाणी मी मुद्दाम कमी पितो कारण दुकानाला बाथरूम नाही आणि सार्वजनिक आहे तिथे पायऱ्या आणि कायम ओलं, कुबडी सटकते. त्यात कुंभमेळ्याच्या कामांसाठी ठिकठिकाणी खोदून ठेवलंय, म्हणजे शंभर पावलांवरचं ठिकाण वळसा घालून. जेवायला तीन-साडेतीन होतात, मधे गिऱ्हाईक आलं की चहा, साखरेचाच.

जिम लावू का, व्यायाम वाढवू का कमी करू, काहीच कळत नाहीये. नोकरीवाल्याला सिक लीव्ह असते, माझं शटर खाली म्हणजे त्या दिवसाची कमाई गेली. ज्यांना स्वतःला काही अपंगत्व आहे आणि स्वतःचा धंदापण आहे अशांनी सांगा तुम्ही कसं करता. लगीनसराई तोंडावर आलीये.

---

निसर्गोपचार_प्रेमी:

भाऊ चिंता करू नका, रोज सकाळी अनशापोटी कोमट पाणी आणि मध घ्या आणि नसांना जुन्या पद्धतीच्या तेलाने मालिश करा, पोलिओ मुळापासून जातो. आमच्या ओळखीचे एक जण आहेत ते खात्रीने बरा करतात, मेसेज करा.

---

चाकावरचा:

वरच्यांना मेसेज करू नका. पोलिओत मेलेल्या नसा तेलाने परत येत असत्या तर आपण सगळे इथे कशाला असतो. मालिशने बरं वाटतं तेवढं घ्या, खात्रीवाल्याला पैसे देऊ नका. बाकी माझं सविस्तर रात्री लिहितो, आता दुकानात गर्दी आहे.

---

फिजिओ_गंगापूररोड:

दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. तपासल्याशिवाय ठाम काही बोलणं बरोबर नाही पण तुम्ही जे लिहिलंय ते वाचून पहिलं नाव डोक्यात येतं ते पोस्ट पोलिओ सिंड्रोम. घाबरू नका, पोलिओ परत आलेला नाही आणि घरच्यांना तुमच्यापासून काही होणार नाही.

पोलिओचा विषाणू मणक्यातल्या, स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या पेशी मारतो. ज्या वाचतात त्या नवीन फुटवे काढून मेलेल्या पेशींच्या वाटणीचे स्नायूधागेही आपल्या अंगावर घेतात. म्हणजे एकेक पेशी कित्येक वर्षं दुप्पट-तिप्पट ड्युटी करत असते. पंधरा, वीस, कधी चाळीस वर्षांनी त्या थकायला लागतात आणि मग नवीन अशक्तपणा, सांधे-स्नायू दुखणं, थंडी अजिबात सहन न होणं, लवकर दमणं सुरू होतं. आणि ज्या पायाला आपण चांगला म्हणतो त्यालाही तेव्हा थोडा फटका बसलेला असू शकतो, फक्त तो दिसला नव्हता. त्यात तुमचा डावा पाय चालतानाही सगळा भार घेतो आणि दुकानात पायडलही तोच दाबतो.

तुमच्या डॉक्टरांवर फार चिडू नका. देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा शेवटचा पेशंट जानेवारी 2011 चा, 2014 च्या मार्चमध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला, त्यामुळे आताच्या तरुण डॉक्टरांनी पोलिओ पाहिलेला फार थोडा असतो. म्हणून तुम्हीच जाऊन सांगायचं की मला लहानपणी पोलिओ झालाय, आता चांगल्या पायाची ताकद कमी होतेय. न्यूरोलॉजिस्ट किंवा फिजिकल मेडिसिनवाले (पुनर्वसनाचे) डॉक्टर गाठा. या आजाराची एकच अशी टेस्ट नाही, बाकीची कारणं एकेक करून बाजूला काढावी लागतात, म्हणजे थायरॉइड, बी 12, डी व्हिटॅमिन, हिमोग्लोबिन, कंबरेत नस दबलीये का वगैरे. यातलं एखादं निघालं तर उलट चांगलं, ते सुधारता येतं. रात्री खूप घोरत असाल किंवा सकाळी डोकं जड होऊन उठत असाल तर तेही सांगा, श्वासाचे स्नायू पण यात येतात. आणि कधी ऑपरेशनची वेळ आली तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना पोलिओचं आधी सांगायचंच, काही जणांना भुलीतून बाहेर यायला जास्त वेळ लागतो.

आता जिम. जिममध्ये ट्रेनर म्हणतो अजून दोन मार, अजून दोन मार, ते तुमच्यासाठी नाही. दमायच्या आधी थांबायचं. साधी खूण सांगते, व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणं किंवा थकवा शिल्लक असेल तर काल जास्त झालं, पुढच्या वेळी निम्मं करा. दहा दहा मिनिटं तुकड्या-तुकड्यांनी, मधे विश्रांती. पाण्यात केलं तर सगळ्यात छान कारण सांध्यांवर भार नसतो, त्र्यंबक रोडचा सावरकर तलाव आहे, पण उतरायच्या पायऱ्या आणि रेलिंग आधी स्वतः बघून या, आणि थंडीत पहाटेची बॅच नको, गार पाण्यात तुमचे स्नायू अजून आखडतील. उन्हाळ्यात सुरू करा.

कुबडीची उंची तपासून घ्या, सरळ उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या रेषेत यायला पाहिजे आणि धरल्यावर कोपर थोडं वाकलेलं. खालचं रबरी बूच गुळगुळीत झालं असेल तर आजच बदला, ओल्या फरशीवर सटकण्याचं निम्मं कारण ते असतं. कॅलिपर जुना लोखंडी असेल तर हलक्या प्लास्टिकचा तुम्हाला चालेल का तेही विचारा. शुगर बॉर्डरवर आहे म्हणून रोज रात्री कॅलिपर काढल्यावर पाय नीट बघा, कुठे घासलंय, लाल झालंय का. पोलिओच्या पायाला रक्तपुरवठा कमी असतो, जखम भरायला वेळ लागतो. आणि पाय गार पडला म्हणून शेगडीजवळ किंवा उकळत्या पाण्यात नको, सकाळी गार पडायच्या आधीच लोकरी मोजे घाला.

---

शिलाईवाला_सिडको:

ताई, खूप आभार. हे कुणीच सांगितलं नव्हतं. मी तर उलट डावा पाय मजबूत करायला घरी जिने चढउतार सुरू केले होते.

---

फिजिओ_गंगापूररोड:

जिने बंद.

---

चाकावरचा:

हां, आता निवांत. मी नाशिकरोडला असतो, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लॅमिनेशन. अपघातात मणक्याला मार लागला, कंबरेखाली काही नाही, व्हीलचेअर. माझं आणि तुमचं वेगळं आहे पण पाण्याचा विषय वाचला आणि राहवलं नाही.

भाऊ पाणी तोडू नका. मी पण पूर्वी हेच करायचो आणि मग लघवीला गढूळ, वास, थंडी वाजून ताप, सलाइन, दुकान आठवडाभर बंद. आपण ज्या बाथरूमचा वेळ वाचवतो ना तो दवाखान्यात व्याजासकट जातो. मला तर कॅथेटर टाकावा लागतो दर चार-सहा तासांनी, तो टाळून चालतच नाही. म्हणून मी दुकान बदललं. आधीचं कोर्टाकडच्या बाजूला होतं, गिऱ्हाईक दाबून, पण बाथरूम नाही. आताच्या ठिकाणी गर्दी कमी आहे, भाडं थोडं जास्त आहे, पण मागे बाथरूम आहे आणि दाराला चेअर जाते. धंदा पहिले काही महिने पडला, नंतर लोक शोधत आले. लोकेशन बघताना सगळे रोड टच बघतात, आपण आधी बाथरूम बघायचं.

तुम्हाला दुकान बदलणं शक्य नसेल तर शेजारी कुणाच्या घरी, दवाखान्यात, बँकेत, कुठे तळमजल्यावर कमोड आहे का बघा आणि सरळ बोलून घ्या. लोक हो म्हणतात, आपल्यालाच लाज वाटते. चहाऐवजी बाटली समोर ठेवा.

माझं रोजचं अजून सांगतो कुणा चेअरवाल्याला उपयोग झाला तर. दर वीस-पंचवीस मिनिटांनी हातावर जोर देऊन बूड उचलायचं किंवा पुढे वाकायचं, मोबाईलला अलार्म लावलाय, गिऱ्हाईक हसतात हसू दे. चांगली कुशन घ्या, उशी किंवा फोम कापून केलेली चालत नाही. रात्री आरशात बघायचं मागे कुठे लाल डाग आहे का, असेल आणि दाबल्यावर पांढरा होत नसेल तर त्या जागेवर बसायचं नाही, दुसऱ्या दिवशी दुकान गेलं खड्ड्यात. बेडसोर एकदा खोल गेला की महिने जातात. आणि मांडीवर गरम काही नको. लॅमिनेशनचं मशीन, लॅपटॉप, चहाचा कप. आपल्याला भाजलेलं कळतच नाही, वास आल्यावर कळतं.

---

किराणा_पंचवटी:

मी पण पोलिओ, वय 58, पंचवटीत किराणा, तीस-पस्तीस वर्षं झाली. सगळ्यांचं वाचलं. दुकान बदला, व्यायाम करा, दमायच्या आधी थांबा, हे बोलायला छान आहे. गल्लीत दुसरा टेलर बसलेलाच असतो. दोन दिवस बंद दिसलं की बायका तिकडे जातात आणि तिकडेच राहतात. धंद्यात सवय लावावी लागते गिऱ्हाईकाला, आपण कायम उघडे असलो तरच.

---

डबा_इंदिरानगर:

काका, राग मानू नका पण मला उलटं दिसलं. माझा डावा हात कोपराखाली नाही, मी इंदिरानगरला डबे देते, सकाळचे आणि संध्याकाळचे. आधी मीपण कुणालाच नाही म्हणायची नाही. एका हाताने पोळ्या लाटायच्या म्हणजे सगळा जोर त्याच मनगटावर, मग रात्री बोटांना मुंग्या, झोपेतून उठून हात झटकायचा, सकाळी डब्याचं झाकणही उघडेना. डॉक्टर म्हणाले मनगटात नस दबतेय, हा हात गेला तर दुसरा कुठून आणणार आहात. ते ऐकून मी रविवार बंद केला आणि पोळ्या लाटायला बाई ठेवली, कणीक मळायचं मशीन घेतलं. डब्याचे दर वाढवले. दोन-चार मेंबर गेले, खरंय. राहिले ते राहिलेच, आणि आता पैसे आधीच्यापेक्षा फार कमी सुटत नाहीत कारण मधे मधे आजारी पडून सुट्ट्या होत नाहीत.

शिलाईवाले दादा, तुम्ही तर दुपारी बंद ठेवा. एक ते चार. आपल्याकडे दुपारी शटर अर्धं खाली हे काय नवीन आहे का, मेन रोडची जुनी दुकानं बघा. बोर्ड लावा मोठा. वेळेवर जेवा, कॅलिपर काढून तास-दीड तास आडवे व्हा. संध्याकाळी पाचनंतरच बायका येतात नाहीतरी ऑफिस सुटल्यावर, दुपारी कोण येतं माप द्यायला?

---

किराणा_पंचवटी:

टेलरला चालेल ते. किराण्याला नाही चालत, दुपारी शाळेची पोरं येतात. पण बरोबर आहे ताई, शिलाईचं काम ठेवून जायचं असतं. मी मागे घेतो तेवढं.

माझंही सांगून टाकतो मग. गोण्या उचलणं मी बंद केलंय, होलसेलवाला पोरगा आत लावून देतो, त्याला वर थोडे देतो. गल्ल्याजवळ उंच स्टूल आहे, पाठ टेकता येते. उभं राहणं नाही.

---

हिशोब_कॉलेजरोड:

मी अकाउंट्सची कामं करतो, बऱ्याच लहान दुकानदारांची बघतो म्हणून पैशाच्या बाजूचं सांगतो.

दादा, तुमच्याकडे यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, आहे का? नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करून सिव्हिल हॉस्पिटलला तपासणी करून घ्या, पुढचं सगळं त्याच्यावर चालतं. जुनं सर्टिफिकेट असेल आणि आता दुसऱ्या पायाची पण ताकद कमी झाली असेल तर परत तपासणी मागता येते, टक्केवारी बदलू शकते. कॅलिपर, कुबडी यासाठी केंद्राची एडिप योजना आहे, उत्पन्नाची अट बघा. महापालिकेचा 5 टक्के दिव्यांग निधी असतो त्यात दरवर्षी काय काय योजना आहेत ते जाऊन विचारा, पेपरात येईपर्यंत थांबू नका. मशीनसाठी कर्ज हवं असेल तर राज्याच्या दिव्यांग वित्त व विकास महामंडळाकडे चौकशी करा. शिवाय पीएम विश्वकर्मामध्ये शिंपी हा धंदा आहेच, त्यात 15,000 पर्यंत टूलकिटसाठी आणि पहिलं कर्ज 1 लाखापर्यंत 5 टक्के व्याजाने.

दवाखान्याचं म्हणाल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत आहे पण ते भरती होऊन करायच्या ठरावीक उपचारांना. फिजिओची फी, रोजच्या गोळ्या यात धरू नका. प्रायव्हेट विमा कंपनीने पूर्वी पोलिओ म्हटलं की फॉर्मच परत दिला असेल, पण 2023 पासून विमा नियामकाने प्रत्येक जनरल आणि हेल्थ कंपनीला अपंग व्यक्तींसाठी पॉलिसी ठेवायला लावली आहे, त्यामुळे परत विचारा, हप्ता मात्र नीट बघा. इन्कम टॅक्स भरत असाल तर 40 टक्के आणि वर अपंगत्वाला 75,000, 80 टक्के आणि वर 1,25,000 वजावट, पण फक्त जुन्या पद्धतीत, नवीन रिजिममध्ये नाही.

आणि माझं स्वतःचं मत, फिजिओ, रबरी बूच, मदतनीस मावशींचा वाढीव पगार, हे सगळं ब्लाऊजच्या शिलाईत धरून दर काढा. अस्तर आणि दोरा धरता ना, मग पायाचा खर्च का घरखर्चातून? शेजारच्या टेलरपेक्षा वीस-तीस रुपये जास्त झाले तर होऊ द्या, फिटिंग चांगलं असेल तर बायका टेलर बदलत नाहीत, माझ्या घरातलं उदाहरण आहे.

---

शिलाईवाला_सिडको:

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला पूर्ण वाचून दाखवलं, ती म्हणाली हेच मी दोन वर्षं सांगतेय तर ऐकलं नाही, आता अनोळखी लोकांनी सांगितलं की लगेच पटलं.

समोर एक दातांचा दवाखाना आहे तळमजल्यावर, तिथल्या मॅडमना विचारलं, त्या म्हणाल्या कधीही या, विचारायचं काय त्यात. एवढं सोपं होतं. न्यूरोची अपॉइंटमेंट घेतलीये. दुपारचा बोर्ड छापायला टाकलाय. यूडीआयडी नाहीये, जुनं कागदी सर्टिफिकेट आहे, ते काम आता करतो. साखरेचा चहा मात्र एकदम बंद नाही होणार, दोनावर आणतो. मिसळीचं कुणी काही बोललं नाही म्हणजे चालते असं धरतो.

एकच राहिलं. पायडलचं काय करू? कटिंग मी स्टुलावर बसून करता येईल असं टेबल खाली करून घेतो, पण मशीन तर डाव्या पायानेच चालणार ना. माझी मशीन जुनी, क्लच मोटर आहे, म्हणजे चालू केली की सतत फिरत राहणारी.

---

टाका_सातपूर:

मी सातपूरला शिलाईचं छोटं युनिट चालवतो, अपंगत्व नाही पण पायडलचं सांगू शकतो. क्लच मोटर काढून सर्वो मोटर बसवा. क्लचमध्ये हळू चालवायचं तर पाय अर्धवट दाबून धरावा लागतो, पिंढरी तिथेच भरते. सर्वोला स्पीडची लिमिट वर सेट करून ठेवता येते, मग नुसता पाय टेकवला तरी हळू चालते. आवाज नाही आणि मशीन थांबली की मोटरपण थांबते म्हणून वीजबिल कमी. तीच मशीन, तोच टेबल, फक्त मोटर बदलायची, मेकॅनिक तासाभरात लावून देतो. पायडल पण थोडं पुढे आणि डावीकडे सरकवून घ्या, गुडघा जास्त दुमडायला नको, टाच टेकलेली राहिली पाहिजे. तो बसवत असताना तुमच्याच खुर्चीवर बसून दाखवा त्याला, तो स्वतःच्या उंचीने लावून जातो.

अल्टरेशन आणि फॉलसाठी दुसरी घरगुती मशीन घेणार असाल तर स्टार्ट-स्टॉप बटणवाली येते, तिला पायडल लागतच नाही, हाताने बटण दाबायचं. जाड कापडाला, जीन्सला नको ती, पण साडीच्या फॉलला मस्त. दिवसातलं निम्मं काम तिच्यावर टाकलं तर पायाला तेवढी सुट्टी.

---

फिजिओ_गंगापूररोड:

हे उत्तम. बटणवाली मशीन नक्की बघा. बसायची खुर्ची पाठ टेकणारी हवी, स्टूल नको. मिसळ महिन्यातून दोनदा, पाव एकच आणि तर्री परत मागायची नाही.

---

डबा_इंदिरानगर:

आणि दादा, लगीनसराईचे नवे ब्लाऊज घेणं आता थांबवा, घेतलेत तेवढे द्या. बाकीच्यांना मे महिन्यानंतरची तारीख.

---

शिलाईवाला_सिडको:

बाकीच्यांना सांगतो ताई, पण मेहुणीच्या नणंदेचं लग्न आहे आणि सात ब्लाऊज आलेत, आरीवर्कचे. ते परत कसे करायचे ते कुणी सांगत असेल तर वेगळा धागा काढतो.

---

किराणा_पंचवटी:

मेहुणीचे शिवून द्या. पैसे पूर्ण घ्या.